तीन फ्रँकांचा नफा, 224 डबे

28 डिसेंबर 1895, शनिवारची संध्याकाळ. पॅरिसच्या बुलेव्हार दे काप्युसीन रस्त्यावर ग्रां कॅफे नावाचं उपाहारगृह होतं आणि त्याच्या तळघरात एक दालन. लिआँ शहरातल्या ल्युमिएर कुटुंबाने ते भाड्याने घेतलं होतं. तिकीट 1 फ्रँक, आले 33 जण. गल्ला 33 फ्रँकांचा आणि दालनाचं भाडं दिवसाला 30 फ्रँक. ल्युमिएरांच्या पहिल्या जाहीर, पैसे घेऊन केलेल्या खेळातून मागे राहिले 3 फ्रँक. त्यातून यंत्र चालवणाऱ्याची मजुरी आणि दिव्याचा खर्च काढला, तर खिशातूनच गेले असणार.

जागेच्या मालकाला भाड्याऐवजी गल्ल्यातला 20 टक्के वाटा देऊ केला होता. त्याने मान डोलावली नाही. रोजचे रोख 30 फ्रँक बरे म्हणाला. काही आठवड्यांतच त्या तळघरात दिवसाला दोन हजारांवर माणसं उतरू लागली, रस्त्यावर रांगा लागल्या. म्हणजे जिथे दिवसाला 400 फ्रँक मिळाले असते तिथे मालक 30 मोजून घेत बसला. सिनेमाच्या धंद्यात पुढे असे अंदाज पुष्कळांचे चुकले. पहिला मान त्याचा.

त्या दिवशी दाखवलेले सिनेमे 10. प्रत्येकाची फिल्म साधारण 17 मीटर, पडद्यावर जेमतेम 50 सेकंद. यंत्राचा दांडा हाताने फिरवायचा, सेकंदाला 16 चित्रं. म्हणजे एका सिनेमात आठशेच्या आसपास चित्रं. दहाही सिनेमे एकामागोमाग लावले तरी दहा मिनिटं भरत नाहीत. त्या दहा मिनिटांपासून निघालेला फ्रेंच सिनेमा पुढे लांबीत, खर्चात आणि गर्दीत कुठवर गेला याचे आकडे चक्रावून टाकणारे आहेत. पण त्याहून चक्रावणारा हिशोब निराळाच आहे. तो आहे डब्यांचा.

आपल्याकडे एखादा सिनेमा रखडला, बंद पडला, की म्हणतात, 'डब्यात गेला.' डबा म्हणजे शेवट. फ्रेंच सिनेमाची गोष्ट नेमकी तिथून पुन्हा सुरू होते.

192 दिवस

पॅरिसच्या त्या खेळानंतर 192 दिवसांनी, 7 जुलै 1896 रोजी, ल्युमिएरांचा माणूस मारिअस सेस्तिए याने मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये खेळ केला. सहा सिनेमे, तिकीट 1 रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलला आणि सर्वांत स्वस्त जागा 4 आण्यांवर आली. ज्या काळात आगबोटीने युरोपातून मुंबई गाठायलाच आठवडे लागत, त्या काळात एक नवी कला सव्वासहा महिन्यांत जगाच्या या टोकाला पोचली.

हे जमलं ते यंत्राच्या वजनामुळे. एडिसनचा कॅमेरा अवजड, स्टुडिओत ठाण मांडून बसणारा. ल्युमिएरांची पेटी पाच किलोंच्या आसपास. तीच चित्रण करी, तीच प्रती छापी आणि मागे दिवा ठेवला की तीच पडद्यावर दाखवी. सकाळी रस्त्यावर फिरायचं आणि रात्री गावकऱ्यांना त्यांचाच रस्ता दाखवायचा. अशा पेट्या घेऊन निघालेल्या माणसांनी देशोदेशी मिळून 1,400 हून अधिक सिनेमे टिपले. त्यातले जवळपास सगळे आजही शाबूत आहेत, हे लक्षात असू द्या. या लेखातला हा एकमेव बिनघोर आकडा.

13,375 चित्रं, हाताने रंगवलेली

ल्युमिएरांच्या पहिल्या प्रेक्षकांत जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार होता. 1896 ते 1913 या काळात त्याने पाचशेच्या वर सिनेमे केले. त्यातला 1902 चा चंद्रावरच्या सफरीचा सिनेमा सगळ्यांना आठवतो, चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा रुतलेला तो. लांबी 260 मीटर, खर्च 10,000 फ्रँक. त्या काळात हे दोन्ही आकडे उधळपट्टीचे होते.

ज्यांना परवडे ते या सिनेमाची रंगीत प्रत घेत. रंग फिल्ममध्ये नव्हता, बायकांच्या कुंचल्यात होता. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युइए या बाईंच्या कारखान्यात दोनशेच्या आसपास स्त्रिया हेच काम करत. एकेकीकडे एकच रंग. तिने आपल्या रंगापुरतं काम करून फिल्म पुढे सरकवायची. टपालाच्या तिकिटाहून लहान अशा एकेका चित्रावर भिंगातून कुंचला फिरवायचा. चंद्राच्या सफरीत अशी 13,375 चित्रं आहेत. आणि ती रंगली की झाली एक प्रत. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा पहिल्यापासून.

मग दैव फिरलं. पहिल्या महायुद्धात मेलिएसच्या शेकडो फिल्मा लष्कराच्या ताब्यात गेल्या आणि वितळवल्या गेल्या. त्यातून निघालेल्या मालापासून सैनिकांच्या बुटांच्या टाचा झाल्या म्हणतात. 1923 मध्ये कर्जाने बेजार झालेल्या मेलिएसने उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळल्या. पुढे तो माँपार्नास स्टेशनवर खेळण्यांच्या दुकानात बसे. चंद्राच्या सफरीची रंगीत प्रत कायमची गेली, असंच धरून चालले होते.

1993 मध्ये बार्सिलोनाच्या चित्रपट संग्रहालयात एक डबा आला. आत रंगीत प्रत, पण कुजून एकजीव झालेली. रीळ नव्हे, लाकडाचा ठोकळाच. तंत्रज्ञांनी तो ठोकळा पदर पदर सोडवला, चित्रं एक एक करून टिपली, तुटलेल्या जागा काळ्यापांढऱ्या प्रतींवरून भरल्या. 2011 च्या मे महिन्यात कान महोत्सवात सिनेमा पुन्हा रंगांत दिसला. पंधरा मिनिटांच्या आसपासच्या सिनेमाचा डबा उघडण्यापासून पडद्यापर्यंतचा प्रवास: 18 वर्षं.

तीन पडदे, सात तास

7 एप्रिल 1927 रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात आबेल गाँसचा 'नेपोलियन' लागला. गाँसने कॅमेरा घोड्याच्या पाठीवर बांधला, घसरगाडीवर चढवला, लंबकासारखा झुलवला. शाळकरी पोरांच्या उशांच्या मारामारीत त्याने एकाच पडद्याचे नऊ तुकडे केले. आणि शेवटी नेपोलियनची फौज इटलीत उतरते तेव्हा तीन प्रोजेक्टर, शेजारी शेजारी तीन पडदे, मिळून उंचीच्या चौपट रुंदीचं एक चित्र. हॉलिवूडला रुंद पडद्याचं वेड लागलं ते 1950 च्या दशकात, म्हणजे पाव शतकानंतर.

गाँसला नेपोलियनवर एक नव्हे, सहा सिनेमे करायचे होते. पैसे पहिल्यातच संपले. त्या पहिल्याचीही कुणी कुठे किती कापाकापी केली याला हिशोब राहिला नाही. वीसहून अधिक आवृत्त्या मोजल्या गेल्या आहेत.

1954 मध्ये लंडनमधल्या केव्हिन ब्राउनलो नावाच्या शाळकरी मुलाच्या हाती घरगुती प्रोजेक्टरवर लावायची याच सिनेमाची दोन छोटी रिळं आली. त्याने ती पाहिली आणि उरलेलं आयुष्य बाकीची शोधण्यात घातलं. 1979 मध्ये अमेरिकेतल्या टेल्युराइडच्या महोत्सवात त्याची जुळणी उघड्यावर, थंडीत दाखवली गेली. 89 वर्षांचा गाँस समोरच्या हॉटेलच्या खिडकीत उभा राहून आपला सिनेमा पाहत होता. 2024 मध्ये फ्रेंच सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयाने आणखी मोठी, सुमारे सात तासांची आवृत्ती पडद्यावर आणली. त्या कामाला 16 वर्षं लागली. चित्रं मोजली तर चार लाखांहून अधिक. नेपोलियन स्वतः सम्राट होता दहा वर्षं आणि वर थोडे दिवस.

भुकेल्या माणसांची मेजवानी

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली होता, तरी 1940 ते 1944 या काळात तिथे 220 कथापट निघाले. कोळसा नाही, वीज नाही, फिल्म मोजून मिळते, अशा दिवसांतला हा आकडा.

त्यातला सर्वांत मोठा घाट मार्सेल कार्नेने घातला. नाव 'ले झांफां द्यु पारादी', इंग्रजीत 'चिल्ड्रन ऑफ पॅरडाइज'. हा स्वर्ग देवांचा नव्हे; नाटकगृहाच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त गॅलरीला फ्रेंच लोक 'पारादी' म्हणतात. आपल्या पिटातल्या प्रेक्षकाचा तिकडचा भाऊबंद वर माळ्यावर बसे, एवढाच फरक. नीस शहरातल्या स्टुडिओत एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचा नाटकगृहांनी भरलेला अख्खा रस्ता उभा केला आणि त्यावर 1,800 एक्स्ट्रा सोडले. ते इतके उपाशी होते की मेजवानीचं दृश्य टिपायच्या आत ताटांतले पदार्थ नाहीसे होत. नेपथ्यकार अलेक्सांद्र त्रोनेर आणि संगीतकार जोझेफ कोस्मा दोघे ज्यू. दोघांनी लपूनछपून काम केलं. सेटची रेखाटनं यायची, ती काढणारा दिसायचा नाही.

सरकारचा नियम होता, सिनेमा 90 मिनिटांच्या वर नको. कार्नेने दोन सिनेमे आहेत असं दाखवलं. मग काम मुद्दाम रेंगाळत ठेवलं, रिळं लपवली आणि पॅरिस मुक्त झाल्यावर, 9 मार्च 1945 रोजी, तीन तास दहा मिनिटांचा एकसंध सिनेमा लोकांपुढे मांडला. तो एकाच थिएटरात 54 आठवडे चालला. आपल्या भाषेत सुवर्णमहोत्सव, वर चार आठवडे.

ज्याँ रेन्वाच्या नशिबी हे नव्हतं. त्याचा 'खेळाचे नियम' 7 जुलै 1939 रोजी लागला. खर्च 50 लाख फ्रँकांच्या वर. त्या काळच्या सर्वांत महागड्या फ्रेंच सिनेमांतला एक. उच्चभ्रूंची टवाळी प्रेक्षकांना इतकी झोंबली की रेन्वाच्या आठवणीप्रमाणे एकाने वर्तमानपत्र पेटवून थिएटरला आग लावायचा प्रयत्न केला. रेन्वाने कापत कापत सिनेमा 85 मिनिटांवर आणला. काही उपयोग झाला नाही. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने तो मनोधैर्य खचवणारा ठरवून बंद केला. 1942 मध्ये दोस्तराष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्ह जळून गेली.

युद्धानंतर दोन सिनेमावेड्यांनी, ज्याँ गाबोरी आणि जाक द्युराँ यांनी, हक्क मिळवले आणि शोध सुरू केला. तुकडे, टाकून दिलेली कात्रणं, ध्वनीच्या पट्ट्या, असे 224 डबे जमले. रेन्वाला शेजारी बसवून त्यांनी 106 मिनिटांचा सिनेमा जुळवला. 1959 मध्ये व्हेनिसला तो दाखवला गेला, लोकांनी फेकून दिल्यानंतर बरोबर 20 वर्षांनी. आज जगातल्या सर्वोत्तम सिनेमांची कुठलीही गंभीर यादी या सिनेमाला वगळून होत नाही. तो ज्यांच्यावर उभा आहे त्या डब्यांना मात्र एकेकाळी भंगाराचा भावही आला नसता.

23 दिवस आणि तीन वर्षं

1959 च्या उन्हाळ्यात ज्याँ-ल्युक गोदारने 'ब्रेथलेस' 23 दिवसांत टिपला. खर्च सुमारे 4 लाख फ्रँक. ट्रॉलीऐवजी चाकांची खुर्ची, स्टुडिओऐवजी रस्ता. रात्रीच्या दृश्यांसाठी पुरेशी संवेदनशील सिनेफिल्म मिळेना, म्हणून छायालेखक राउल कुतारने फोटोग्राफीची फिल्म घेतली. ती यायची साडेसतरा मीटरच्या गुंडाळीत. अशा गुंडाळ्या एकमेकींना चिकटवून त्याने कॅमेऱ्यात भरल्या. एक गुंडाळी पडद्यावर 38 सेकंद टिके. ल्युमिएरांच्या सिनेमाची लांबी 17 मीटर होती, आठवतं ना? 64 वर्षांनी फ्रेंच सिनेमा पुन्हा त्याच मापावर आला होता, आणि पुन्हा नवा झाला होता. 1962 च्या डिसेंबरात 'काये द्यु सिनेमा' मासिकाने नव्या फ्रेंच दिग्दर्शकांची यादी छापली, तीत 162 नावं होती.

याच दशकात जाक तातीने उलटी वाट धरली. 'प्लेटाइम'साठी त्याने पॅरिसच्या कडेला सुमारे 15,000 चौरस मीटर जागेवर एक शहर बांधलं. काचेच्या इमारती, रस्ते, वाहतुकीचे दिवे, चालता सरकता जिना आणि स्वतःचं वीजकेंद्र. शंभर मजूर राबले. लोक त्या जागेला 'तातीव्हिल' म्हणू लागले. 1964 मध्ये सुरू झालेलं चित्रण 1967 पर्यंत चाललं. खर्च दीड कोटी फ्रँकांच्या पलीकडे. तेवढ्यात 'ब्रेथलेस'सारखे किमान 35 सिनेमे निघाले असते. आणि एवढ्या पसाऱ्यात गोष्ट अशी काही नाहीच. एक माणूस एका दुसऱ्या माणसाला भेटायला आला आहे आणि काचांच्या त्या गावात दोघे एकमेकांना चुकतात. गर्दीतली मागची काही माणसं तर पुठ्ठ्याची आहेत.

तातीने घर गहाण टाकलं होतं. सिनेमा आपटला, तो कर्जात बुडाला, स्वतःच्या सिनेमांचे हक्क घालवून बसला. ते शहर पाडलं गेलं. उरलं ते 70 मिलिमीटरच्या फिल्मवर, म्हणजे पुन्हा डब्यात. त्यातून 2002 मध्ये दुरुस्त होऊन आलेली 124 मिनिटांची प्रत आज आपण पाहतो. मूळ सिनेमा अडीच तासांचा होता.

आखूड आणि लांब

ज्याँ व्हिगोने चार सिनेमे केले. चारही एका संध्याकाळी पाहून होतात. एकूण पावणेतीन तासांच्या आसपास. शाळकरी मुलांच्या बंडाच्या सिनेमावर 1933 पासून 12 वर्षं बंदी होती. 'लातालांत' ही नावेवरच्या नवरा-बायकोची गोष्ट. ती वितरकांनी 65 मिनिटांवर आणली आणि एका लोकप्रिय गाण्याचं नाव देऊन लावली. 5 ऑक्टोबर 1934 रोजी क्षयाने व्हिगो गेला, वय 29.

दुसऱ्या टोकाला जाक रिव्हेतचा 'आउट 1', 1971. आठ भाग, 12 तास 53 मिनिटं. लिहिलेली पटकथा नाही. नटांनी आपापली पात्रं घडवायची. टीव्हीने नाकारला, ल हाव्र गावात एकदा दाखवला गेला आणि त्यानंतर कित्येक दशकं तो पाहिलेला माणूस भेटणं ही दंतकथा झाली. 2015 मध्ये दुरुस्त प्रत आली तेव्हा कुठे तो सर्वसामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यात आला.

लुई मालने 1968 मध्ये भारतात महिनोन्महिने हिंडून 'फँटम इंडिया' ही सहा तासांहून मोठी मालिका केली. सात भाग, सातवा मुंबईवर.

आणि क्लोद लान्झमानचा 'शोआ', 1985. ज्यूंच्या संहारावरचा हा माहितीपट करायला 11 वर्षं लागली. लांबी साडेनऊ तासांच्या घरात, आणि त्यात जुन्या चित्रणाची एकही फ्रेम नाही. फक्त वाचलेली, पाहिलेली आणि मारणारी माणसं बोलतात. न वापरलेलं सुमारे 220 तासांचं चित्रण आज वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात जपलेलं आहे. डोळ्याला डोळा न लावता पाहिलं तरी नऊ दिवस लागतील. इथे मोठा आकडा कौतुकाचा राहत नाही. साडेनऊ तास इथे लांब वाटत नाहीत, कमी वाटतात.

दर तिघांतला एक

1947 मध्ये फ्रान्समध्ये सिनेमाची 42 कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. लोकसंख्या होती 4 कोटींच्या थोडी वर. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाने वर्षात दहा सिनेमे पाहिले, असा हा हिशोब. मग टीव्ही आला; 1992 मध्ये तिकिटं 11.6 कोटींवर घसरली, माणशी जेमतेम दोन.

पण ही घसरण चालू असतानाच, 1966 मध्ये, 'ला ग्रांद व्हाद्रुइय' हा लुई द फ्युनेस आणि बुरव्हिल या जोडीचा धमाल विनोदी सिनेमा आला. तिकिटं 1.72 कोटी, म्हणजे देशातल्या दर तीन माणसांमागे एक. जर्मनांना चकवत पळण्याची गोष्ट, आणि हसत होती ती माणसं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी खरोखर पळालेली. कुठल्याही फ्रेंच सिनेमाला हा आकडा ओलांडायला 2008 साल उजाडावं लागलं.

तिकडे सिनेमाच्या प्रत्येक तिकिटावर 10.72 टक्के कर आहे आणि तो सिनेमासाठीच राखलेल्या निधीत जातो. हॉलिवूडचा सिनेमा पाहणारा प्रेक्षकसुद्धा पुढच्या फ्रेंच सिनेमाला हातभार लावून घरी जातो.

माळ्यावर बघा

हे सगळं जपण्याची बुद्धी सरकारच्या आधी एका पोराला झाली. 1936 मध्ये आंरी लांगल्वाने मित्रांबरोबर फ्रेंच सिनेमातेक काढलं तेव्हा तो 21 वर्षांचा होता. सुरुवात मोजक्या फिल्मांपासून. जागा नाही म्हणून घरच्या न्हाणीघरातल्या टबात डबे ठेवले. जर्मनांच्या काळात त्याने डबे लपवले. 1968 च्या फेब्रुवारीत सरकारने त्याला पदावरून काढलं, तर जगभरच्या दिग्दर्शकांनी आमचे सिनेमे तुम्हाला दाखवू देणार नाही असं बजावलं. दोन महिन्यांत सरकारने माघार घेतली. आज त्या संग्रहात 40,000 च्या वर सिनेमे आहेत.

आता मुंबईकडे परत. ल्युमिएरांचा खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, यांनी लंडनहून 21 गिनींना कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपली. भारतीय माणसाने टिपलेल्या अगदी पहिल्या सिनेमांतला तो एक. ल्युमिएरांच्या चौदाशे सिनेमांतले जवळपास सगळे वाचले. सावेदादांची ती कुस्ती आज कुणालाच पाहता येत नाही. प्रतिभेचा फरक नव्हता, डबा जपण्याचा होता.

तेव्हा एवढंच करा. आजोबांचा स्टुडिओ असेल, काकांचा तंबू सिनेमा असेल, कुणाच्या माळ्यावर गंजका गोल डबा असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. फार जुनी फिल्म भडका घेते, म्हणून दिव्याबत्तीपासून आणि उन्हापासून लांब ठेवा आणि स्वतः सोडवत बसू नका. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा. आंबूस वास येत असेल, रीळ चिकटून ठोकळा झालं असेल, तरी लाजू नका. बार्सिलोनाच्या डब्यातही ठोकळाच होता.